ढग कुठं झुकलाय

आमच्या गावात पुरुषांच्या बैठकीच्या घरात चुली मानाप्रमाणे मांडलेल्या असतात. ज्यानं सुळेवाली डुकरं मारून जितका मान मिळवला, त्याची चूल तितकी आत. दाराशी जी चूल असते, तिच्यावर मिसरूड न फुटलेली पोरं केळी भाजतात आणि एकमेकांना कोपरखळ्या मारतात. माझे दीर फिलिमोन साठीला टेकले, डोक्यावरचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी अजून त्याच दाराशीच्या चुलीवर जेवतात. मी बाईमाणूस, त्या घरात पाऊल ठेवत नाही, पण आत कोण काय बोलतं ते कुडातून सगळं ऐकू येतं. आणि पोरं त्यांना कधी हसत नाहीत, हेही ऐकू येतं.

नाहीतर हसण्यासारखा माणूस शोधायचा तर अंब्रिम बेटाच्या सगळ्या पश्चिम भागात फिलिमोन भाऊजींसारखा दुसरा सापडायचा नाही. थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. त्यांनी शार्कच्या थोबाडीत मारलेली आहे. एकदा आमच्या आग ओकणाऱ्या डोंगराच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी खालच्या आगीवर रताळी भाजली, आणि आग म्हणे पाहुण्यासारखी बाजूला सरकली. आमच्याकडं म्हण पडली होती, की फिलिमोनचं बोलणं अर्धं करावं, आणि उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं कुत्र्याला घालावं.

"वहिनी, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही," ते म्हणायचे.

"भाऊजी, तुमच्यावर ठेवते. तुमच्या तोंडावर ठेवत नाही."

"तोंड काय वेगळं विकत आणलंय का मी?"

"विकतचं असतं तर परत केलं असतं."

माझे यजमान वर्षातले बरेच महिने न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातात. घरात पुरुषाचा आवाज असा फिलिमोन भाऊजींचाच. त्यामुळं मी त्यांना बोलायचे आणि ते मला बोलायचे, आणि त्यांची बायको सालोमे आम्हा दोघांना बोलायची.

तर अशा माणसाला राजधानीच्या, विलाच्या, डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या खात्यातल्या लोकांनी ढगावर नजर ठेवायचं काम दिलं. त्याचं कारण साधं होतं. ते लोक गावात आले तेव्हा बाकीचे सगळे मळ्यात गेले होते आणि भाऊजी फणसाच्या झाडाखाली आडवे पडले होते. त्या लोकांनी त्यांना एक फोन दिला, एक पांढरं रुंद ताट दिलं आणि काम समजावून सांगितलं. डोंगरातून निघणारा ढग पांढरा आहे की करडा, किती उंच चढला, कुठं झुकला, आणि ताटात राख पडली का, एवढं रोज फोनवरून सांगायचं. विलाचे लोक ते पुढं ऑस्ट्रेलियात डार्विनला कळवायचे. तिथं माणसं आकाशातून काढलेली चित्रं बघत बसतात आणि राख कुठून कुठं चालली ते विमानांना सांगतात. पण मध्ये पावसाचे ढग आले की वरून बघणाऱ्याला खालचं दिसत नाही. मग खालच्या माणसाला विचारावं लागतं.

भाऊजींनी ते काम असं अंगाला लावून घेतलं, की डोंगर त्यांच्याच परवानगीनं धुमसतो. येता जाता आम्हाला शिकवायचे. पांढरा ढग म्हणजे वाफ, तो वर जाऊन विरतो. राखेचा ढग तपकिरी करडा असतो, आणि त्याच्या खालच्या कडा फाटक्या चटईच्या काठासारख्या लोंबतात. ती राख चुलीतली नव्हे, दगडाचं पीठ. विमानाच्या इंजिनात गेली की वितळते, आत थापली जाते आणि इंजिन बंद पडतं. हे सगळं खरं होतं, पण भाऊजींनी सांगितलेलं असल्यामुळं आम्ही ते अर्धं करून घ्यायचो.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. भाऊजी रोज फोनवर छाती काढून सांगायचे, "ताट स्वच्छ, राख नाही." आणि इकडं माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत राख, पानात भाजलेल्या लापलापमध्ये राख, दातांखाली कचकच. एक दिवस पहाटेच विलाहून फोनवर विचारणा झाली. आमच्या चित्रात राख नेमकी तुमच्या गावावर दिसतेय, आणि तुमचं ताट रोज कसं स्वच्छ राहतं?

भाऊजी चिडले. "मी काय आंधळा आहे? माझ्या डोळ्यांनी बघतो मी!"

फोन ठेवून ते ताट बघायला गेले, तर सालोमे विहिरीपाशी बसून तेच ताट नारळाच्या शेंडीनं घासत होती. रोज उजाडायच्या आत अंगण झाडलं की ती भांडी घासायची, आणि त्यात हेही घासून, भाऊजी उठायच्या आधी जागेवर ठेवून द्यायची.

"अगं, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? दारात मळकं ताट उघडं पडलेलं. येणारी जाणारी काय म्हणतील? सालोमेला भांडी घासायचा कंटाळा?"

"त्यात राख पडायला पाहिजे, बाई!"

"मग सांगायचंत ना, की घाण करायला ठेवलंय म्हणून."

गाव आठवडाभर हसलं. पण भाऊजी हसले नाहीत, आणि हे मला नवीन होतं. त्यांनी विलाला फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडची माणसंही पोट धरून हसली असणार, कारण भाऊजींनी फोन कानापासून लांब धरला होता. नंतर ते माझ्या अंगणात येऊन बसले.

"वहिनी, त्या दिवसांत एखादं विमान आलं असतं तर?"

मी म्हटलं, "आलं नाही ना."

"आलं असतं तर ते माझ्या तोंडावर विसंबून आलं असतं." एवढंच बोलले आणि उठले. त्यानंतर गावात त्यांच्या थापा वाढल्याच असतील, पण फोन हातात घेतला की माणूस बदलायचा. दिसलं तेवढंच सांगायचे. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचे.

बघण्याची चांगली जागा एकच होती. गावामागचा उंच माथा. तिथून डोंगराची दोन्ही तोंडं दिसतात, ढगाचं मूळ दिसतं, आणि पलीकडं धावपट्टीचं गवतही दिसतं. तो माथा म्हणजे मुखिया साकसाकच्या थोरल्या भावाचा सुरणाचा मळा. त्या म्हाताऱ्यानं भाऊजींना कधी अडवलं नाही. पण तो वारला, आणि रीतीप्रमाणं मुखियानं वाटेवर नामेलेच्या झाडाचं पान बांधलं. पान बांधलं की जागा बंद. सुतक फिटेपर्यंत तिथं कुणी पाय ठेवायचा नाही, मळ्यातलं पडलेलं फळही उचलायचं नाही. मग भाऊजी समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून डोंगराकडं बघायचे. बायका म्हणायच्या, फिलिमोनला आता मासे पण विचारतात, ढग कुठं झुकलाय.

त्यांच्या आयुष्यात ढगाशिवाय दुसरी गोष्ट एकच होती, ती म्हणजे मास्टर. मास्टर हा त्यांचा डुक्कर. वरचे दात काढले की खालचा सुळा अडथळ्याशिवाय वाढत जातो, गोल वळतो आणि पुन्हा जबड्यात शिरतो. त्याला वर्षं लागतात. तितकी वर्षं डुकराला मुळं उकरू द्यायची नाहीत, हातानं भरवायचं. भाऊजी त्याला तारो उकडून, कुस्करून भरवायचे. पाऊस आला की आपल्या अंगावरची चटई त्याच्यावर टाकायचे. सालोमे म्हणायची, "माझं लग्न डुकराशी झालं असतं तर बरं झालं असतं, निदान जेवण हातात आलं असतं." मास्टरच्या सुळ्याचं कडं पुरं झालं होतं. येत्या सुरणाच्या हंगामात त्याला मारायचा, मान घ्यायचा आणि आतल्या चुलीवर जाऊन बसायचं. भाऊजींचे वडील दाराशीच्या चुलीवरच मेले होते. हे ते थापांमध्ये कधी सांगत नसत, पण मला ठाऊक होतं.

आणि मग लिनेतचे दिवस भरले. लिनेत माझी धाकटी मुलगी.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी डोंगर दोन दिवसांपासून खवळलेला होता. दवाखान्यातल्या एस्तेर नर्सनं लिनेतच्या पोटावरून हात फिरवला आणि मला बाहेर घेऊन आली.

"मूल आडवं आहे, काकू. इथं सुटका व्हायची नाही. पलीकडच्या बेटावर, मालेकुलाला न्यायला हवं, तिथं पोट उघडून काढतील."

समुद्र असा उसळत होता, की गावातल्या दोन होड्या निघाल्या आणि भिजून परत आल्या. उरलं विमान. एस्तेरनं विलाला कळवलं. विमान होतं, पायलट होता. पण सगळ्या बेटावर पावसाच्या ढगांचं झाकण पडलेलं, डार्विनच्या चित्रात राख कुठं आणि पाऊस कुठं ते वेगळं काढता येईना. थोड्याच वेळात भाऊजींचा फोन वाजला.

"फिलिमोन, ढग कुठं झुकलाय?"

भाऊजी किनाऱ्यावर धावले. लाटांनी उभं राहू दिलं नाही. वर बघावं तर सगळं करडं, त्यात राख कुठली आणि पाणी कुठलं काही कळेना.

"दिसत नाही," ते म्हणाले. "थांबा. मी माथ्यावर जातो."

फोन बंद करून ते तडक मुखियाकडं गेले, आणि मी त्यांच्या मागं. मुखिया साकसाक सुतकात होता, दाढी वाढलेली, घराच्या सावलीत बसलेला.

"मुखिया, पान सोडा," भाऊजी म्हणाले. "मला वर जायचंय. लिनेत अडलीय."

मुखियानं मान हलवली. "मला कळलंय. मी सकाळपासून तिच्यासाठीच बसलोय. पण पान मी माझ्या मनानं बांधलेलं नाही, फिलिमोन, आणि मनानं सोडताही येत नाही. माझा भाऊ केवढ्या मानाचा होता, तुला ठाऊक आहे. त्याच्यापुढं सुळेवालं डुक्कर ठेवल्याशिवाय ते पान सुटत नाही. असंच सोडलं तर उद्या गावात कुठलंच पान टिकायचं नाही."

"माझी मादी घ्या," मी म्हटलं. "पिलांसकट घ्या."

"मादी चालत नाही, पोरी. चालली असती तर मी माझीच दिली असती."

गावात त्या वेळी पुरं कडं झालेला सुळा एकाच डुकराला होता. मुखियानं त्याचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. माझ्या पोटची पोर तिकडं ओरडत होती आणि तरी माझी जीभ उचलली नाही, कारण ते मागणं म्हणजे माणसाचं आयुष्य मागणं होतं.

भाऊजी वळले आणि गोठ्याकडं गेले. परत आले ते मास्टरला दोरीनं घेऊन. मास्टर बिचारा रोजच्यासारखा त्यांच्या मांडीला नाक घासत आला, खायला मिळेल म्हणून. भाऊजींनी दोरीचं टोक मुखियाच्या पायाशी ठेवलं.

"हा घ्या. मानासाठी नाही. पानासाठी."

मुखिया उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं जाऊन वाटेवरचं पान सोडलं आणि भाऊजी चढायला लागले. मी पान होतं तिथपर्यंत त्यांच्यामागं धावले.

"भाऊजी!"

ते थांबले.

"वर काहीही दिसू दे. आकाश मोकळं आहे म्हणून सांगा. काहीही झालं तरी विमान येऊ दे. आयुष्यभर थापा मारल्यात ना? एक माझ्यासाठी मारा."

"वहिनी, विमानात माणूस असतो," ते म्हणाले. "आणि परत जाताना त्यात लिनेत असेल."

मी खालीच उभी राहिले. ते माथ्यावर पोचलेले दिसले. बराच वेळ ते नुसते उभे होते. मग त्यांनी फोन कानाला लावला. वारा माझ्या बाजूला होता, आणि भाऊजींचा आवाज जन्मजात मोठा.

"ढग राखेचा आहे. खाली काठ लोंबतायत. धावपट्टीवरूनच समुद्राकडं चाललाय." पलीकडून पुन्हा विचारलं असावं. "हो. मी बघतोय म्हणून सांगतोय. येऊ नका."

मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या मी दिल्या. त्यांच्या बापाला दिल्या, डोंगराला दिल्या, शेवटी त्या फोनला दिल्या. डुक्कर गेलं, पान सुटलं, आणि मिळालं काय, तर नाही. मी दवाखान्यात परतले. लिनेतनं विचारलं, "आई, विमान?" मी म्हटलं, "येतंय." थाप मारायला मला काही शिकावं लागलं नाही.

भाऊजी खाली उतरले नाहीत. सालोमेनं त्यांच्यासाठी भाजलेली केळी पाठवली, ती न खाता परत आली. दुपार कलली. लिनेतचा आवाज बारीक होत चालला आणि एस्तेर वारंवार दाराकडं बघायला लागली. सालोमे माझ्या शेजारी बसून प्रार्थना करत होती, आणि मधूनच थांबून म्हणत होती, "हे वर काय करतायत कुणास ठाऊक, नुसतं बघून वारा फिरतो का?"

पण वारा फिरला. आधी मला कळलं नाही. दवाखान्याच्या दारावरचा पडदा सकाळपासून आत उडत होता, तो अचानक चौकटीला टेकला आणि मग बाहेर उडायला लागला. एस्तेर म्हणाली, "काकू, वारा उत्तरेचा झाला." मी बाहेर आले. माथ्यावर भाऊजी फोनवर बोलत होते, मोकळा हात दूर समुद्राकडं दाखवत होते, जणू पलीकडच्या माणसाला तो हात दिसतोय. ऐकू येत नव्हतं. काय सांगितलं ते त्यांनी नंतर सांगितलं. ढग वळला, आता पामा बेटाच्या बाजूला चाललाय. तिकडून येऊ नका. मालेकुलाच्या बाजूनं, समुद्रावरून या. धावपट्टीवर वरून जे दिसतंय तो नुसता पाऊस आहे, राख नाही. वारा असाच राहिला तर संध्याकाळपर्यंत मोकळं राहील. वारा राहील की नाही, ते मला माहीत नाही.

विमानाचा आवाज आधी पोरांनी ऐकला. पश्चिमेकडून, पाण्यालगत, ते इतकं खाली आलं की लाटांना शिवतंय असं वाटलं. लिनेतला आम्ही दाराच्या फळीवर घालून धावपट्टीपर्यंत नेलं. पुरुषांनी फळी उचलली होती, त्यात मुखिया साकसाकही होता, सुतकातल्या दाढीनिशी. एस्तेर आणि मी लिनेतबरोबर आत चढलो. भाऊजी अजून माथ्यावरच होते. विमान परत जाईपर्यंत ढगावरून डोळा काढायचा नाही, असं त्यांनी विलाला सांगितलं होतं.

पायलट विलाच्याच बेटावरचा, एफातेचा एक तरुण होता. विमान वर आल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं.

"मावशी, फिलिमोन म्हणजे तुमचे कोण?"

"दीर."

"आणि ही त्यांची पुतणी?"

"हो."

"सकाळी मला विलामध्ये सांगितलं, की खाली जो माणूस उभा आहे त्याचीच पुतणी अडलीय. मला वाटलं, आता हा काहीही करून ये म्हणणार. मी ठरवलं होतं, तो ये म्हणाला तरी जायचं नाही." तो पुन्हा समोर बघायला लागला. "तो येऊ नका म्हणाला. मग दुपारी तो या म्हणाल्यावर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

डावीकडं मागं पामावर ढग पसरलेला होता, तपकिरी, त्याच्या खालून काठ लोंबत होते, भाऊजी सांगायचे अगदी तसे. आमच्या समोर मात्र पाणी होतं आणि मालेकुलाचे डोंगर होते. मी लिनेतचा हात धरला आणि सकाळपासून पहिल्यांदा रडले.

मालेकुलाच्या दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत नेलं. मी व्हरांड्यात बसून होते, कुणीतरी दिलेला चहा हातातच गार झाला. एस्तेर बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी तिचा फोन मागून घेतला आणि भाऊजींना लावला. घंटा पुरती वाजूही दिली नाही त्यांनी.

"ढग पामाकडंच आहे, वारा थोडा पडलाय, ताट अजून—"

"भाऊजी, मी बोलतेय."

त्यांना पुढं बोलू न देता मी सांगून टाकलं.

"मुलगी झाली. दोघी ठीक आहेत."

पलीकडून काहीच आलं नाही. नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. सगळ्या अंब्रिममध्ये ज्याचं तोंड कुणाला बंद करता आलं नाही, त्या माणसाला शब्द सापडत नव्हता. मला वाटलं, फोन तुटला.

"भाऊजी?"

"वहिनी," ते म्हणाले, आणि आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "पुन्हा सांगा. जसं आहे तसंच."

"मुलगी झाली," मी म्हटलं. "दोघी ठीक आहेत."